अर्धा कप, पण आपल्या पद्धतीची

चहाच्या बाबतीत मराठी माणसाइतका सोशिक प्राणी शोधून सापडणार नाही. स्टेशनवरचा पाणचट, कचेरीतला तिसऱ्यांदा उकळलेला, लग्नघरातला धुरकटलेला, असा कुठलाही चहा तो 'चालेल' म्हणून घेतो. गार झाला तरी चालतो, साखर जास्त झाली तरी चालते, बशीत सांडला तर तो बशीतून ओढतो. पण याच माणसाला कॉफी विचारून बघा. तो सोफ्यावर सावरून बसतो, चष्मा काढून पुसतो आणि म्हणतो, "घेईन, पण माझी जरा वेगळी असते."

या 'जरा वेगळी असते'नं माझा जीव घेतला आहे. कारण आमच्या घरात कॉफीचं खातं माझ्याकडे आहे. लग्नानंतर कामांची वाटणी झाली तेव्हा बायको म्हणाली होती, "चहाचं मी बघते, कॉफीचं तुम्ही बघा. कॉफी काय, कधीतरीच लागते." तेव्हा ते खरंही होतं. त्या काळी कॉफी एकाच प्रकारची असे. ती ज्याला नको असे तो चहा घेई, आणि विषय संपे.

माझ्या लहानपणी कॉफी म्हणजे चहा न चालणाऱ्या पाहुण्यांना दिलेली सवलत होती. आमची आत्या त्यातली. 'ती चहा घेत नाही' हे वाक्य घरात 'ती काशीला जाऊन आली आहे' इतक्या आदरानं उच्चारलं जाई. ती यायची म्हटलं की सर्वांत वरच्या फळीवरची इन्स्टंट कॉफीची बाटली खाली उतरे. पावसाळ्यात त्या बाटलीतल्या पुडीचा दगड झालेला असे. मग सुरी, उलथन्याचं टोक आणि शेवटी वडिलांचा स्क्रू ड्रायव्हर, या क्रमानं कॉफीचं खाणकाम चाले. संपल्यावर बाटलीत मोहरी भरत. आईच्या मिसळणाच्या फळीवर अशा बाटल्यांची रांग होती. आमच्या घरानं आयुष्यात एकूण किती कॉफी प्यायली, हे त्या रांगेवरून कोणालाही मोजता आलं असतं.

ही कॉफी करायची म्हणजे निव्वळ दूध उकळायचं, त्यात साखर, कॉफी आणि वर किसलेलं जायफळ. जायफळानं झोप लागते, हे तान्ह्या बाळाला ते उगाळून देणाऱ्या प्रत्येक आजीला माहीत. कॉफीनं झोप उडते, हे रात्री जागून अभ्यास करणाऱ्या प्रत्येक नातवाला माहीत. तरी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही एकाच पातेल्यात घालत आलो. एकानं उठवायचं, दुसऱ्यानं निजवायचं, माणूस होता तिथेच. दोन्ही पक्ष खूश.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, आणि मुक्कामाला आली की तिची कॉफी मी करतो. तिची फर्माईश ठरलेली असते. "दूध दाट हवं. पाणी घालू नकोस. साय गाळ. कॉफी बेताची, साखर बेताची आणि जायफळ अगदी नावाला." बेताची साखर म्हणजे तीन चमचे, हे मला अनुभवानं कळलं. 'नावाला' म्हणजे किती, हे अजून कळलेलं नाही. किसणीवर एकदाच ओढलं तर, "जायफळ विसरलास का रे?" आणि तीनदा ओढलं तर, "अरे, मी कॉफी मागितली होती, बाळगुटी नाही."

"मग दोनदा ओढू का?" मी विचारलं.

"असं मोजून नसतं रे होत. हाताला कळलं पाहिजे."

हाताला न कळणाऱ्या गोष्टी मोजून करणारा दुसरा विभूतिपुरुष आमच्याच घरात आहे. चिरंजीव बंगळुरूला नोकरीला गेले तेव्हा निमूटपणे चहा पीत होते. परत आले ते एक खोकं घेऊन. त्यात हातानं फिरवायची छोटी चक्की होती, चिनी मातीचं शंकूच्या आकाराचं नरसाळं होतं, कागदी गाळण्या होत्या, बगळ्याच्या मानेची किटली होती, थर्मामीटर होता, आणि ग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवणारा काटा होता. कपड्यांची बॅग तो बंगळुरूलाच विसरला होता. खोकं मात्र मांडीवर घेऊन आला.

पहिल्या सकाळी त्यानं प्रयोग लावला. १५ ग्रॅम कॉफी, २४० ग्रॅम पाणी. एकास सोळा. पाण्याचं तापमान ९२ ते ९६ अंश. उकळतं पाणी ओतलं तर म्हणे कॉफी कडू होते आणि कोमट ओतलं तर आंबटढोण. पाण्याची पहिली धार गोल फिरवत सोडायची आणि पुडीला फुलू द्यायचं.

"अरे, दूधवाल्याचे पैसे..." मी सुरुवात केली.

"बाबा, अर्धा मिनिट बोलू नकोस. ब्लूम होतंय."

ताज्या भाजलेल्या कॉफीत वायू कोंडलेला असतो, तो आधी बाहेर पडू द्यायचा असतो, असं नंतर कळलं. तोवर आम्ही दोघं नवरा-बायको भिंतीला टेकून, श्वास रोखून उभे होतो. या मुलाच्या बारशालाही घरात इतकी शांतता नव्हती. अखेर कप माझ्या हातात आला. लालसर, पातळ, आरपार दिसणारा.

"साखर?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे न बघता आईकडे बघितलं. "आई, तू समजाव यांना."

मी घोट घेतला. "कसली चव येतेय?" तो म्हणाला.

"कॉफीची."

"ती सोड. जर्दाळू येतोय का? मागून थोडं मोसंबं? शेवटी गूळ?"

पाकिटावर खरंच तसं लिहिलेलं होतं. मी पुन्हा घोट घेतला, डोळे मिटले, जीभ टाळूला लावली. मोसंबं दूरच राहिलं, मोसंब्याची सालही भेटली नाही. "तू कॉन्सन्ट्रेट करत नाहीस," असा निकाल लागला. दहावीच्या गणितात हेच वाक्य मी त्याला ऐकवत असे. चक्रवाढ व्याजासकट परत आलं.

त्या काट्याचा खरा उपयोग बायकोनं शोधून काढला. तिनं आधी त्यावर केशर तोललं, मग कानातल्या कुड्या, मग पेढीवरून परत आलेली मोहनमाळ. त्या संध्याकाळी ती सराफाकडे पावती घेऊन गेली आणि बऱ्याच मोठ्या आवाजात बोलून आली. तेव्हापासून चिरंजिवांच्या छंदाला घरात तात्त्विक मान्यता आहे.

पुढच्या पाकिटावर 'मॉन्सून्ड मलबार' असं लिहिलेलं होतं. मुलानं मोठ्या भक्तिभावानं माहिती दिली. पूर्वी शिडाच्या जहाजांतून आपली कॉफी युरोपात जायला काही महिने लागत. समुद्राच्या दमट हवेत बिया फुगत, फिकट पडत, आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडू लागली. पुढे प्रवास झटपट व्हायला लागला, बिया ताज्या पोहोचायला लागल्या, तर गिऱ्हाइकं नाराज. मग पश्चिम किनाऱ्यावरच्या उघड्या गोदामांत बिया पसरून पावसाळी वारा मुद्दाम खाऊ घालायची पद्धत निघाली. तिला आता भौगोलिक मानांकनही आहे.

मी थक्क झालो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पापड, बिस्किटं, काडेपेट्या, मीठ आणि पासबुकं सगळंच मॉन्सून्ड होतं. त्या फळीवरच्या कॉफीचा तर दगडच होत असे. आम्ही त्याला 'सादळणं' म्हणून हळहळत बसलो. कोणी मानांकनाचा अर्ज केला नाही. मराठी माणूस धंद्यात मागे पडतो तो असा.

एवढ्यानं भागलं असतं तर मी सहन केलं असतं. पण आमच्या शेजारी एक तमिळ काका राहतात. त्यांचा जन्म माटुंग्याचा, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. मुलाच्या कपात डोकावून ते इतकंच म्हणाले, "अरे वा, रसम केलंस?" आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मला खरी कॉफी दाखवायला घरी नेलं. पितळेचं दोन मजली फिल्टर. वरच्या मजल्यावर पूड, तिच्यावर गरम पाणी, आणि खालच्या मजल्यावर थेंबथेंब उतरणारं डिकॉक्शन. ते रात्रभर उतरतं. मध्ये चमच्यानं टकटक केलं की काका हातावर मारतात. सकाळी ते ताज्या तापलेल्या दुधात मिसळायचं आणि टंबलरमधून डबऱ्यात, डबऱ्यातून टंबलरमध्ये, हातभर उंचीवरून ओढत न्यायचं. काकांनी ओढली तेव्हा वर फेस आला. मी ओढली तेव्हा पँट बदलावी लागली.

"पावडर मात्र माटुंग्याचीच," ते म्हणाले आणि पुढच्या रविवारी मला घेऊन निघाले. माटुंग्याच्या त्या भागात शिरलं की नाकच वाट दाखवतं. दुकानात चक्की घरघरत होती, माणसं रांगेत होती, आणि प्रत्येक जण काउंटरवर पोहोचला की गुप्त खात्याचा परवलीचा शब्द सांगितल्यागत दोन आकडे बोलत होता. माझा नंबर आला.

"बोला."

"कॉफी द्या."

दुकानदारानं पेन्सिल खाली ठेवली. "पीबेरी? प्लँटेशन ए? रोबस्टा मिक्स? भाजणी मीडियम की डार्क? चिकोरी किती टक्के?"

"पाव किलो," मी म्हणालो.

रांगेतून एक सामुदायिक उसासा आला. काकांनी मला बाजूला सारलं आणि "ऐंशी-वीस" म्हणाले. मागचे गृहस्थ लगेच पुटपुटले, "सत्तर-तीस घ्या, अंगाला लागते." त्यांच्या मागच्या बाईंनी चिकोरी ही कॉफीच नव्हे, नुसतं भाजलेलं मूळ आहे, असं जाहीर केलं. मुद्दा खरा होता. ते मूळच असतं आणि आपल्याकडे त्याचं पीक गुजरातेत चांगलं येतं. पण रांगेत उभं राहून खरं बोलायचं नसतं. ऐंशी-वीसवाले आणि सत्तर-तीसवाले आपसांतलं वैर विसरून त्या शुद्धिवादी बाईंवर तुटून पडले. आपल्या कायद्यानं कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असायलाच हवी असं ठरवून ठेवलं आहे. म्हणजे साधं बहुमत. बाकी ४९ टक्क्यांनी बाहेरून पाठिंबा दिला तरी सरकार चालतं.

या साऱ्याला जबाबदार कोण, याचाही मी छडा लावला. आख्यायिका सांगते की बाबा बुडन नावाचे सूफी संत सतराव्या शतकात हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि त्यांनी त्या चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या. तो डोंगर आजही त्यांच्या नावानं ओळखला जातो. बिया बाहेर न्यायला तिथे बंदी होती, म्हणून कोणी म्हणतं त्या कमरेला बांधल्या, कोणी म्हणतं दाढीत लपवल्या. म्हणजे कॉफी या देशात उतरली तीच मुळी मतभेदासकट. सातच बिया होत्या म्हणून बरं. मूठभर आणल्या असत्या तर आमच्या सोसायटीत राहणं अशक्य झालं असतं.

माझे साडू मात्र या वादांपासून दूर, सुखी होते. त्यांच्या लेखी जगात एकच उत्तम कॉफी होती, लग्नातली. आमच्या पिढीला ठाऊक असेल. मांडवाच्या कोपऱ्यात स्टीलचं एक धूड, त्याला नळ्या, त्या नळीतून फुसऽऽ करून वाफ सुटे, जगभरचा फेस कपात गोळा होई आणि वर चॉकलेटची पूड भुरभुरली जाई. पाटी असे 'एस्प्रेसो कॉफी'. अक्षता पडायच्या आधी साडू तिथे आणि जेवणाची पंगत बसल्यावरही साडू तिथेच. त्यांना मी एकदा एका चकाचक कॅफेत नेलं. मेनूकार्डावर पंधरा-वीस नावं होती. त्यांतलं ओळखीचं नाव दिसताच साडूंचा चेहरा उजळला. "दोन एस्प्रेसो. मोठ्या."

आलं ते बाहुलीच्या भातुकलीतल्या कपात, ३० मिलिलिटर, काळं. साडूंनी ते एका घोटात संपवलं, म्हणजे त्यांच्या मते त्यांनी नमुना चाखला. मग ते काही क्षण बोलू शकले नाहीत. डोळ्यांतलं पाणी पुसून त्यांनी पोऱ्याला बोलावलं.

"चव ठीक आहे. आता कॉफी आण. आणि वर चॉकलेट विसरू नकोस."

"सर, हीच एस्प्रेसो."

"अरे, मी १९८५ पासून एस्प्रेसो पितोय!"

बिल बघून ते पुन्हा अवाक झाले. तेवढ्या पैशांत त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात अख्ख्या मांडवाची कॉफी झाली होती, असं ते पुढचे दोन सिग्नल सांगत होते.

मी मध्यंतरी तोडगा म्हणून अस्मितेचा आधार घेऊन पाहिला. आपल्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, चिखलदऱ्याला कॉफी पिकते. इंग्रजांच्या काळापासूनची लागवड आहे. तिथे फिरायला गेलो तेव्हा एक पाकीट घेतलं आणि घरी येऊन घोषणा केली, की आता ही आपली महाराष्ट्राची कॉफी, यापुढे भांडण नको. मुलानं विचारलं, "भाजल्याची तारीख कुठाय?" काकांनी विचारलं, "चिकोरी किती?" आत्यानं फोनवरून विचारलं, "जायफळ त्यातच असतं की वेगळं घालायचं?" साडूंनी काहीच विचारलं नाही, पण येताना चॉकलेटची पूड घेऊन आले. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरच्या कॉफी हाउसात लोक एका कपावर दोन तास जगाच्या राजकारणाचं भांडण करतात म्हणे. आमच्याकडे कपाचंच राजकारण इतकं की जगाची पाळीच येत नाही.

आणि अशा परिस्थितीत आमच्या घरी सोसायटीच्या कमिटीची सभा ठरली. विषय एकच होता, गच्चीवरच्या टाकीची गळती. सभा आटोपशीर व्हावी म्हणून बायकोनं बजावलं होतं, "काय घेणार, असं विचारू नका. सरळ चहा ठेवते." पण दूध आणायला ती खाली उतरली, तेवढ्यात शांतता अवघड वाटून मीच म्हणालो, "कॉफी चालेल ना सगळ्यांना?"

चेअरमन सोफ्यावर सावरून बसले. त्यांनी चष्मा काढला.

"मला काळी. बिनसाखरेची. डॉक्टरांनी साखर बंद केलीय," असं म्हणून त्यांनी बशीतलं तिसरं क्रीमचं बिस्किट उचललं. सेक्रेटरींना कडक हवी होती, पण झोप उडता कामा नये. बी विंगच्या बाईंना दूध चालत होतं, पण गाईचं नाही, म्हशीचं नाही, बदामाचं. ते त्यांनी पिशवीतून सोबत आणलं होतं. फेटलेली कॉफी हवी असलेले एक तरुण सभासद स्वतःच कप, साखर, पूड मागून घेऊन चमच्यानं खडखड फेटायला बसले. २०२०च्या टाळेबंदीत अख्ख्या देशानं हा व्यायाम केला होता, यांचा अजून सुटला नव्हता. खालच्या मजल्यावरून दोनदा फोन आला की, पुन्हा टाइल्स बसवताय का? तमिळ काका डिकॉक्शनचा थर्मास काखोटीला मारूनच आले होते, त्यांना फक्त दूध हवं होतं, पण ते 'पहिल्या उकळीचं'. आणि खजिनदार म्हणाले, "मला काही नको."

"असं कसं?"

"बरं, अर्धा कप."

या अर्धा कपवाल्यांचं मला नेहमी कुतूहल वाटत आलं आहे. ते कुठल्याही घरी अर्धाच कप घेतात. तो संपला की, 'चांगली झालीय, आणखी अर्धा'. त्यानंतर बायकोच्या वाट्याचा अर्धा. शेवटी हिशेबात सर्वांत जास्त कॉफी त्यांच्या पोटात असते आणि संयमी म्हणून नावही त्यांचंच होतं.

स्वयंपाकघरात मुलगा थर्मामीटर घेऊन माझ्या मागे उभा होता. "बाबा, ९८ झालं! काढ!" तेवढ्यात आतल्या खोलीतून आत्या म्हणाली, "होतेच आहे तर माझीही टाक, जायफळ नावाला." चारही शेगड्या पेटलेल्या. एकीवर काळी, दुसरीवर काकांचं दूध पहिल्या उकळीच्या तोंडाशी, तिसरीवर आत्याची, चौथीवर बदामाचं दूध, जे तापवलं की फाटतं असं कोणी मला सांगितलं नव्हतं. बाहेर टाकीचा विषय अजून निघालाच नव्हता. अरेबिका की रोबस्टा, यावर मतदान घ्यावं का, असं चेअरमन विचारत होते, आणि सेक्रेटरींच्या मते त्यासाठी सात दिवसांची नोटीस लागत होती.

बायको दूध घेऊन वर आली. तिनं ओट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मुलाच्या हातातला थर्मामीटर काढून घेतला आणि आम्हा दोघांना बाहेर घालवून दार लोटलं. आत पातेलं आपटल्याचे काही आवाज आले. पाचव्या मिनिटाला ती ट्रे घेऊन बाहेर आली. सगळे कप सारखे, सगळ्या कपांत एकाच रंगाचं काहीतरी, वर थोडा फेस.

चेअरमननी घोट घेतला. "वा! काळ्या कॉफीला तोड नाही." काका म्हणाले, "बघा, शेवटी फिल्टरच." बाईंना बदाम जाणवला. आत्यानं आतून सांगितलं की, आज जायफळ अगदी हाताला कळलंय. साडू दुसऱ्या दिवशी ही हकीगत ऐकून म्हणाले की, वर चॉकलेट असणारच. खजिनदारांनी दोन अर्धे संपवून तिसऱ्यासाठी कप पुढे केला.

"वहिनी, हे केलंत कसं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"सगळ्यांनी सांगितलं तसंच," बायको म्हणाली. "एकत्र केलं, एवढंच."

मुलगा मात्र कप नाकाशी धरून, डोळे मिटून उभा होता. त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"बाबा, शपथ! यात जर्दाळू येतोय."

"येणारच," बायको म्हणाली. "साखर संपली होती. सकाळी जर्दाळू भिजवले होते ना, ते पाणी ओतलं."